पेन्सिलीची रेघ

जूनमध्ये इथे साडेचारलाच अंधार पडतो,
आणि वारा पत्र्याच्या छपरावर
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा बसतो,
उठायचं नाव नाही.
पुंता अरेनासमध्ये अशा दिवशी
चौकात दोर बांधतात.
तो धरून माणसं रस्ता ओलांडतात, टोप्या दातात धरून.

मी नेलिदा. एकतीस वर्षं
लोकरीच्या गोदामात काट्यापाशी उभी होते.
गठ्ठा नुसता पाहून वजन सांगायचे,
किलोभर इकडे तिकडे.
त्याच हाताने आता पुस्तकं चाचपते.

एकशे सात आहेत, न वाचलेली.
पलंगाखाली, शिवणयंत्रावर,
चार तर ओव्हनमध्ये
(तो बिघडला त्याला दोन वर्षं झाली).
महिन्याला दोन धरली तर साडेचार वर्षं.
मी अडुसष्टची.
हिशेब बसतो.
मग शनिवारी धक्क्यावरचा एउलोहिओ
खोक्यातून आणखी तीन काढून ठेवतो माझ्यासाठी,
म्हणतो, पैसे पुढच्या वेळी.

आता पुढचं कुठलं?

बुडालेल्या जहाजांचा जाडजूड इतिहास:
प्रस्तावनाच ऐंशी पानांची, नमनालाच घडाभर तेल.
उन्हाळ्यात बघू, असं मी गेले सहा उन्हाळे म्हणतेय.
मुलीने सांतियागोहून पाठवलेलं,
झोप कशी लागावी यावरचं:
दुसऱ्या पानावरच लागली.
ते वाचून झालं म्हणायचं का?

ही एक खुनाची गोष्ट.
शेवटची दोन पानं अनीबालने, माझ्या भावाने,
चूल पेटवायला फाडली.
खुनी कोण ते त्याने सांगितलं होतं मला,
पण त्याला थापा मारायची सवय.
आता विचारायलाही तो नाही.

कवितांचं एक पातळ आहे, बोटभर.
ते मी जपून ठेवलंय,
पाहुण्यांसाठी बिस्किटांचा डबा ठेवतात तसं.
पाहुणे येत नाहीत. डबा भरलेला.

सव्वासहाला दिवे गेले.
बरं झालं, मी म्हटलं. आता निवडायचं नाही.
अंधारात हात घातला शिवणयंत्रावरच्या चळतीत
आणि मधलंच एक ओढलं.
चारशे ग्रॅम, थोडं कमीच.
कोपरा कुरतडलेला. वास गोदामाचा.

मेणबत्तीपाशी उघडलं
तर एकेचाळिसाव्या पानावर पेन्सिलीची रेघ
आणि कडेला, जोर देऊन: हो, हेच!
अक्षर माझं.
शेवटच्या कोऱ्या पानावर गठ्ठ्यांच्या बेरजा,
सातचा आकडा माझ्यासारखा, कंबरेत पट्टा बांधलेला.

म्हणजे हे मी वाचलंय.
उभ्याने, काट्यापाशी, दोन ट्रकच्या मधल्या वेळात.
आणि एक अक्षर आठवत नाही.

ती ओळ तीनदा वाचली.
कुणीतरी उठून खिडकी लावून घेतं.
एवढंच.
यात काय होतं, बाई?
कुठली खिडकी लावली होतीस तू त्या वर्षी,
की उघडी राहिली होती?
मी तुझी थट्टा करत नाही.
तुझ्यासारखं 'हो' म्हणून
मला बरीच वर्षं झाली.

बाहेर कुणीतरी दोर धरून चाललंय,
दोराचा करकर आवाज येतो
आणि मध्येच थांबतो.

पुस्तक मी न वाचलेल्यांतच मोजलं.
एकशे सातच राहिली.
पहिल्या पानापासून सुरू केलं.
एकेचाळीसपर्यंत पोचायचं आहे,
घाई नाही.
दिवे आले तेव्हा बारावं पान चालू होतं.
मेणबत्ती तशीच ठेवली,
आणि पेन्सिल शोधायला उठले.